फॉल्ट शोधण्याचेही पैसे होतात

रब्बीच्या दिवसांत कळंबमधल्या कुठल्याही रिवाइंडिंगच्या दुकानासमोर तासभर उभं राहावं. हरभऱ्याला, उसाला पाणी चालू असतं, सगळ्या मोटारी एकदम चालतात, व्होल्टेज पडतं आणि जळालेल्या मोटारी एकामागून एक येऊ लागतात. शेतकरी मोटार खाली उतरवतो आणि विचारतो, "बघून सांगा, किती होतील?" मिस्त्री हातातलं काम ठेवतो, पाना घेतो, मोटार उघडतो. कोणत्या फेजची कॉइल काळी पडली, बुश किती खाल्लाय, रोटर घासलाय का, मेगर काय दाखवतो, हे सगळं बघतो. अर्धा-पाऊण तास जातो. मग हिशेब सांगतो: तांबं इतके किलो, बुश, सील, मजुरी. घासाघीस सुरू होते, पण ती तांब्यावर होत नाही, कारण तांबं काट्यावर तोलून दाखवता येतं. होते ती मजुरीवर. कधी शेतकरी "घरी विचारून सांगतो" म्हणतो आणि तीच उघडलेली मोटार पुढच्या दुकानात नेतो. तिथल्या मिस्त्रीला काय बिघडलंय हे शोधायचे कष्टही पडत नाहीत.

हा लेख या मिस्त्र्यासाठी आहे. त्याच्यासारख्याच वायरमन, वेल्डर, गवंडी, सुतार, प्लंबर यांच्यासाठी आणि घरी मशीन टाकून ब्लाउज शिवणाऱ्या तायांसाठीही आहे. मग ते कळंब शहरातले असोत की येरमाळा, शिराढोण, ईटकूरचे. तक्रार सगळ्यांची एकच: काम अवघड, पैसे थोडे, आणि वर "एवढ्याशा कामाचे एवढे?" हे ऐकून घ्यायचं. गिऱ्हाईक चेंगट असतं हे खरं. पण आपणही कसबाची किंमत कुठंच दिसू देत नाही. ती सामानातल्या मार्जिनमध्ये दडवतो, उधारीत बुडवतो, नाहीतर ओळखीत माफ करतो. जी किंमत बिलावर दिसत नाही, ती द्यायची असते हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?

बघण्याची फी

कळंबच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, "काही नाही, ताप आहे, दोन दिवसांत उतरेल" म्हणून सांगितलं, तरी फी द्यावी लागते. औषध लिहून दिलं नाही म्हणून कोणी फी परत मागत नाही. वायरमनकडून मात्र असं कोणी ऐकून घेत नाही. घरातली लाइट वारंवार ट्रिप होतेय, तो येतो, बोर्ड उघडतो, एकेक सर्किट वेगळं काढत तासाभरानं गिझरच्या वायरीतला अर्थ शोधतो, टेप मारतो. गिऱ्हाइकाला दिसते ती फक्त टेप.

कसब शोधण्यात असतं, हे आपल्या मुलखाला नवीन नाही. गोरोबाकाकांचं तेर इथून फार लांब नाही. थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवली आणि कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं, ही त्यांची कथा घराघरात माहीत आहे. कान तयार झालेला कुंभार आवाजावरून भाजणी ओळखतो. बेअरिंगचा आवाज ऐकून "पंधरा दिवस टिकेल" सांगणाऱ्या मिस्त्र्याचा कानही तसाच तयार झालेला असतो. फरक इतकाच की या कानाचा दर आपण अजून ठरवलेला नाही.

तो ठरवा. तपासणीची एक रक्कम नक्की करा, दुकानात पाटीवर लिहा आणि मोटार उघडण्याआधी तोंडानं सांगा: "उघडून बघायचे इतके. काम इथंच केलं तर हे पैसे बिलातून वळते करीन." हे दुसरं वाक्य विसरू नका. त्यामुळे खरं काम आणणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीच जास्त पडत नाही, आणि फक्त अंदाज काढायला आलेला माणूस एकतर फी देतो, नाहीतर मोटार न उघडता जातो. पहिले काही आठवडे दोन-चार गिऱ्हाइकं कुरकुरतील, एखादं तुटेलही. जाऊ द्या. जे तपासणीचे पैसे देत नाही ते बहुतेक वेळा मजुरीचेही पूर्ण देत नाही.

सलूनकडे बघा. तिथं भिंतीवर दरपत्रक असतं. नाभिक समाजाच्या संघटना दर वाढले की ते जाहीर करतात, आणि दाढीच्या पैशांवर कोणी घासाघीस करत नाही. रिवाइंडिंगच्या किंवा वेल्डिंगच्या दुकानात असा कागद मी फार क्वचित पाहिलाय. मग दर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ठरतो, आणि गिऱ्हाइकाला तो वास लगेच येतो.

फीच्या बदल्यात गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. छोटी छापील चिठ्ठी पुरे: मोटार किती एचपीची, तिन्ही फेजचं मेगरवरचं रीडिंग, जळण्याचं कारण, काय बदलायला हवं, अंदाजे खर्च, तारीख, सही. यात सगळ्यांत महत्त्वाचं कारण. मोटार व्होल्टेज पडून जळाली, एक फेज गेल्यामुळे जळाली, पाणी आटल्यावर कोरडी चालून जळाली की बुश झिजून रोटर घासल्यामुळे जळाली, यात मोठा फरक आहे. व्होल्टेज पडलं की मोटार तेवढंच काम करण्यासाठी जास्त अँपिअर ओढते आणि वाइंडिंग तापतं. यात तुमच्या कामाचा दोष नसतो. पण तुम्ही नुसती मोटार भरून दिली आणि स्टार्टरमधलं सिंगल फेज प्रिव्हेंटर बंद आहे हे सांगितलं नाही, तर ती पंधरा दिवसांत पुन्हा जळणार. शेतकरी म्हणणार, "तुम्ही नीट भरली नाही," आणि दुसऱ्या वेळचं तांबं तुमच्या खिशातून जाणार. कारण लिहून दिलेलं असेल तर हा वाद तिथंच मिटतो. गॅरंटी द्यायची तर तीही लिहूनच द्या, कशाची आहे आणि कशाची नाही ते दोन ओळींत.

गवंड्यानं, सुतारानं हेच वेगळ्या रीतीनं करावं. जिना कुठून काढायचा, दाराच्या चौकटीची उंची किती, स्लॅबला उतार कोणत्या बाजूला, असले सल्ले मालक सकाळी चहा पाजून काढून घेतो आणि मग काम स्वस्तातल्या गुत्तेदाराला देतो. एकदा जागेवर जाऊन बघणं आणि मोजमाप घेणं याची रक्कम आधीच सांगून ठेवा.

दर कुठून आला?

"बाजारात चालतो तो दर" हे उत्तर पुरेसं नाही. बाजारातला दरही कोणीतरी अंदाजानंच ठरवलेला असतो. स्वतःचा दर काढायला वही आणि एक संध्याकाळ लागते.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. तुम्ही तुमचे भरा. घरखर्च महिन्याला २०,००० म्हणजे वर्षाचे २,४०,०००. दुकानभाडं महिना ३,००० म्हणजे ३६,०००. पेट्रोल, मोबाइल, लाइटबिल मिळून महिना २,५०० म्हणजे ३०,०००. हत्यारं, मेगर, टंग टेस्टर, ड्रिल यांची झीज वर्षाला १४,०००. आजारपण आणि म्हातारपणासाठी बाजूला ४०,०००. बेरीज ३,६०,०००. आता वर्षात पैसे मिळवून देणारे दिवस मोजा. सुट्ट्या, येडेश्वरीची यात्रा, लग्नसराई, मुसळधार पाऊस, आजारपण, कामच नसलेले दिवस वगळले तर २४० दिवस हा बरा अंदाज आहे. ३,६०,००० भागिले २४० म्हणजे दिवसाला १,५००. आणि दिवसाच्या आठ तासांतले तीन तरी सामान आणणं, जाणं-येणं, फोन, वसुली यात जातात. उरलेल्या पाच तासांवर भागलं तर तासाला ३०० रुपये.

हा आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो, कारण हजेरीच्या हिशेबानं विचार करायची सवय असते. पण हजेरीवरच्या माणसाला दुकानभाडं नसतं, मेगर विकत घ्यायचा नसतो. मालक म्हणून खर्च करायचा आणि मजूर म्हणून दर लावायचा, हे गणित जमत नाही.

गुत्तं घेणाऱ्यांनीही असंच बघावं. चौरस फुटाचा किंवा ब्रासचा दर ठरवताना तुमच्या टोळीचं एका दिवसात खरंच किती काम होतं ते चार-पाच जागांवर लिहून ठेवा. आठवणीतला आकडा नेहमी चांगल्या दिवसाचा असतो. शिवाय "जादा काम जादा पैसे" हे आधीच ठरवा. स्लॅब झाल्यावर मालकाला वर मोरी हवी असते, कट्टा हवा असतो, तोही "सहज, आलायच तर."

तायांचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण तिथं दरामध्ये शेजारधर्म येतो. ब्लाउज बसतो तो मापामुळे, कटोरीच्या कटिंगमुळे. मशीन चालवणं त्यातलं सोपं काम. सोपं काम आणि कसबी काम यांचे दर वेगळे लावा: फॉल-पिकोचा एक, साध्या ब्लाउजचा एक, अस्तर-डिझाइनचा एक, आणि दुसऱ्यानं बिघडवलेला उसवून नीट करायचा सगळ्यांत जास्त. शिलाईला स्वस्त समजण्यात सरकारही मागं नाही. २०२४-२५ मध्ये राज्यानं शाळांचे गणवेश बचत गटांतल्या महिलांकडून शिवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा शिलाई आणि अनुषंगिक खर्च मिळून एका गणवेशाला ११० रुपये धरले होते. परवडत नाही म्हणून अनेक ठिकाणी गटांनी नकार दिला, गणवेश रखडले आणि पुढच्या वर्षी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. त्या नकारातून शिकण्यासारखं आहे. मोठी ऑर्डर म्हणजे चांगली ऑर्डर असं नसतं. धागा, बटण, इस्त्री, पोहोच आणि मशीनची झीज धरून एका नगाला किती मिनिटं लागतात ते आधी तीन नग शिवून बघा, मगच हो म्हणा.

सोयाबीन निघालं की देतो

आपल्याकडं बलुतं होतं तेव्हा कामागणिक दर नसे, वर्षाचा करार असे. सुतार-लोहारानं वर्षभर तिफण, कुळव, विळे, कोयते नीट ठेवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ही सगळी व्यवस्था तपशिलानं आली आहे. तिच्यात जातीचा जाच होता आणि वाटा देणाऱ्याच्या मर्जीवर होता. ती परत यावी असं कोणीच म्हणणार नाही. मात्र सुगीपर्यंत थांबायची तिची रीत अजून चालू आहे. सोयाबीन निघालं की देतो, उसाचं बिल आलं की देतो. गंमत म्हणजे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं शेतकऱ्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. रांजणीच्या असो की आणखी कुठल्या, सगळ्या कारखान्यांना तो नियम आहे. त्या बिलावर डोळे लावून बसलेल्या मिस्त्र्यासाठी असा कुठलाही १४ दिवसांचा नियम नाही.

उधारीची किंमत मोजली की डोळे उघडतात. ६,००० रुपयांच्या रिवाइंडिंगमध्ये ४,००० सामानाचे धरू, जे तुम्ही रोख आणलं. मजुरी २,०००. पैसे सहा महिन्यांनी आले. हात-उसने घेतले तर आपल्याकडं शेकडा दोन रुपये महिना व्याज पडतं, त्या दरानं ४,००० वर सहा महिन्यांचे ४८० झाले. म्हणजे मजुरीतला जवळपास चौथा हिस्सा गिऱ्हाइकाला न कळता व्याजात गेला. म्हणून सामानाचे पैसे आधी घ्या, तो बयाणा समजा. उधार ठेवायचीच तर मजुरी ठेवा. रोख आणि उधार असे दोन दर पाटीवर लिहिले तरी वावगं नाही.

बलुत्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: वर्षाचा करार. दहा-पंधरा शेतकऱ्यांशी पंपामागं वर्षाची ठरावीक रक्कम ठरवा. त्यात दोनदा तपासणी करायची, एकदा खरीप संपताना आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी. स्टार्टर, केबलचे जोड, टंग टेस्टरवर तिन्ही फेजचे अँपिअर बघायचे. बिघाड झाला तर शोधण्याची फी माफ, सामान आणि मजुरी वेगळी. तुम्हाला सुगीबाहेर पैसा मिळतो आणि शेतकऱ्याची मोटार जळण्याआधी कळते. सौर पंप वाढतील तसा या कामाचा बाज बदलणार आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपांना पाच वर्षं कंपनीची देखभाल असते, तोवर रिवाइंडिंगचं गिऱ्हाईक कमी होईल. कंपन्यांनाही गावात जाणारा माणूस लागतोच. तसं काम घेताना एका फेरीचा दर, अंतराचा दर आणि पैसे किती दिवसांत हे लेखी घ्या, आणि कंट्रोलर उघडायला आत्ताच शिका.

पैसे बुडवले तर काय करायचं, याची कायद्यानं दिलेली साधनं बहुतेकांना माहीत नसतात. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०: दुरुस्तीला किंवा शिवायला दिलेल्या वस्तूवर तुम्ही श्रम किंवा कसब खर्च केलं असेल, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. मोटार असो, ब्लाउज असो की मिक्सर, पैसे द्या आणि न्या. दोन अटी लक्षात ठेवा. "दिवाळीनंतर द्या" असं तुम्हीच कबूल केलं असेल, तर तोवर अडवून ठेवता येत नाही. आणि वस्तू ठेवता येते, विकता येत नाही. एकदा मोटार हातातून गेली की हा हक्कही गेला.

मोटार गेली आणि पैसे राहिले, तर वही कामाला येते. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षं असते. ती संपण्याआधी गिऱ्हाइकानं "इतके देणं आहे" असं लिहून तारखेसह सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्यानं मोजली जाते. म्हणून उधारीच्या वहीत नुसतं नाव-आकडा नको, सही हवी. पाडव्याला वही बदलता तेव्हा जुन्या बाकीवर नवी सही घ्यायची रीत पाडा. पाच-सात हजारांसाठी कोर्टकचेरी कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करून प्रकरण दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी लागत नाही आणि तिथं झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखीच पाळावी लागते. नोटीस आली की निम्मे लोक आधीच येऊन भेटतात.

कारखाना, गुत्तेदार किंवा एखादी संस्था तुमचं गिऱ्हाईक असेल तर 'उद्यम' नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन आणि फुकट आहे. त्यासाठी कोणी हजार-पाचशे मागत असेल तर ते त्याचे, सरकारचे नव्हेत. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्क मिळतो आणि दाद मागायला वेगळी परिषद आहे. नोंदणी काम घेण्याआधीची हवी, वाद झाल्यावर केलेली उपयोगी पडत नाही.

कागदाचं वजन

हात चालतो त्याला कागद कशाला, असं अनेक जुने मिस्त्री म्हणतात. त्यांचा मान ठेवून सांगतो, पैसा कागदाला मिळतो. नव्या वीजजोडणीसाठी परवानाधारक वीज ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. वायरिंग कोणी केलं हा प्रश्न मागं पडतो आणि सही कोणाची याला किंमत येते. ज्याच्या हातानं दोनशे घरांचं वायरिंग झालंय त्यानं तारतंत्रीचा परवाना आणि पुढं ठेकेदाराचा परवाना मिळवायच्या मागं लागलंच पाहिजे. आयटीआयचं प्रमाणपत्र असेल तर वाट सोपी असते. कळंबच्या आयटीआयमधल्या निदेशकांना जाऊन विचारा, अर्ज कुठं आणि परीक्षा कधी हे त्यांना माहीत असतं.

आयटीआय न केलेल्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. त्याचं वजन आयटीआयएवढं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल गैरसमज फार आहेत. १७ सप्टेंबर २०२३ला, म्हणजे आपल्या मुक्तिदिनाच्याच दिवशी, ती सुरू झाली. तीत १८ व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, मूर्तिकार, टोपल्या-झाडू विणणारे वगैरे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि तारण न ठेवता ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकालाच मिळतं. आणि वायरमन, प्लंबर, रिवाइंडिंगवाला या १८ मध्ये नाही. तेव्हा एजंट "करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका. ज्यांचा व्यवसाय यादीत आहे, विशेषतः शिंपीकाम करणाऱ्या तायांनी, सेवा केंद्रावर जाऊन नोंद करावी.

बांधकामावर असाल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी हवी. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवसांचं काम, ही अट. गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, फरशीवाले, बांधकामावरचे वायरमन-प्लंबर-वेल्डर सगळे यात येतात. बांधकामावरच्या १ टक्का उपकरातून हा निधी जमतो, म्हणजे तो तुमच्याच कामातून आलेला पैसा आहे. आणि विजेचं किंवा उंचीवरचं काम करणाऱ्यानं बँकेत वर्षाला २० रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा बिमा घेतला नसेल तर आजच घ्यावा. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण आहे.

दुसऱ्याच्या हाताखाली असाल तर

इथं दर पाटीवर लिहिता येत नाही, पण कायदा आहे. वेतन संहिता २०१९, जी २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली, तिच्यात काही गोष्टी स्पष्ट आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब. जादा वेळेचे पैसे दुप्पट दरानं. थकलेल्या वेतनासाठी दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वीच्या किमान वेतन कायद्यात ही मुदत सहाच महिने होती. अर्ज धाराशिवला सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात.

किमान वेतन कुशल, अर्धकुशल, अकुशल असं वेगवेगळं असतं. तुमची नोंद हजेरीपत्रकावर कोणत्या रकान्यात आहे ते विचारा. वेल्डरला 'हेल्पर' म्हणून दाखवण्याची युक्ती जुनी आहे, आणि पुढच्या नोकरीत तोच शिक्का आडवा येतो. खरं सांगायचं तर या दोन रकान्यांतला फरकही फार मोठा नसतो. कसबाला कमी लेखायची सवय वरपासून आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली राज्यानं बारावी पास मुलाला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. दोन वर्षं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला मुलगा कुठल्याही पदवीपेक्षा दोन हजारांनी खाली, तोही सरकारी कागदावर. पोराला 'निदान बीए कर' म्हणणाऱ्या बापाला मग दोष कसा द्यायचा?

साखर कारखान्यात कायम आणि हंगामी कामगारांना त्रिपक्षीय वेतन कराराचा आधार असतो, गुत्तेदाराकडून गेलेल्या फिटरला तो मिळेलच असं नाही. म्हणून 'कारखान्यात नोकरी' ऐकून हुरळून न जाता पगार कोणाच्या सहीनं निघणार ते आधी विचारा. तरुणांनी शिकाऊ उमेदवारीची चौकशी जरूर करावी. १९६१च्या कायद्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं.

आता एक अवघड जागा. दुकानमालक मिस्त्र्यांनो, तुमच्याकडचा पोरगा किती वर्षं 'शिकतोय'? काम शिकवतो म्हणून चहा-नाश्त्यावर राबवणं ही आपल्या धंद्यातली जुनी रीत, आणि कसब स्वस्त होण्याची सुरुवात तिथूनच होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, अठरापर्यंत धोक्याच्या कामावर लावता येत नाही. त्यापुढचा असेल तर पहिल्या दिवशीच ठरवा: किती महिने शिकणार, त्या काळात किती मिळणार, मग किती. कॉइल बसवणं, कनेक्शन, टेस्टिंग यातलं काय कधी शिकवणार तेही सांगा. तो सोडून गेला तरी चिडू नका, त्याला लेटरहेडवर दाखला द्या. दाखल्यात त्याचं पूर्ण नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, स्वतंत्रपणे कोणती कामं करतो (उदाहरणार्थ साडेसात एचपीपर्यंतची सबमर्सिबल मोटार भरणं, स्टार्टर दुरुस्ती), तुमचा उद्यम क्रमांक, सही-शिक्का. बँकेत, नोकरीत आणि आरपीएलच्या परीक्षेला हा कागद लागतो, आणि तो त्याला तुमच्याशिवाय दुसरं कोणी देऊ शकत नाही.